चौथी खोली कोणाची?

१

"ताई, तुमच्या नावावर तीनच खोल्या आहेत. चौथी तुम्हीच सोडलीत ना रविवारी?"

गेस्ट हाउसच्या बाई फार गोड बोलत होत्या. मी मात्र भांडायच्या तयारीने फोन केला होता. गेल्या वर्षी दुसऱ्या शहरात आम्ही तिन्ही दिवस गार पाण्याने अंघोळी केल्या होत्या, म्हणून यंदा आधीच दम भरून ठेवावा असा माझा विचार होता.

"चार," मी म्हटलं. "चार माणसं, चार खोल्या. शुक्रवार ते सोमवार. आमच्या मास्तरने बुक केल्यात."

"हो, हो. त्यांच्याच नंबरवरून मेसेज आला होता. थांबा, वाचून दाखवते." बाईंनी चष्मा शोधला असावा. मग त्या एकेक शब्द लावत वाचू लागल्या. "'आमच्यातलं एक माणूस कमी झालं आहे. चारऐवजी तीन खोल्या ठेवाव्यात. चौथी अडकवून ठेवू नये, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.' रविवारी दुपारी आलाय."

"मग आता ती परत करा आमच्या नावावर."

"अहो, ती त्याच संध्याकाळी गेली. या शनिवार-रविवारी आमच्याकडे पाय ठेवायला जागा नाही. आणखी काही हवं होतं का?"

गरम पाण्याचं विचारायचं राहूनच गेलं. फोन ठेवून मी खुर्चीत बसले, आणि माझ्या अंगातलं भांडण एकदम उतरलं.

ऐकणाऱ्याला वाटेल, एका खोलीवरून काय एवढं! त्याला काय जातंय म्हणायला. मी एकटी राहते. आई गेल्यापासून घरात दुसरं माणूस नाही. संध्याकाळी टीव्ही लावते तो बघायला नाही, आवाजाला. वर्षातून एकदा आम्ही चार मित्र एखाद्या मोठ्या शहरात शनिवार-रविवार काढतो. तेवढेच दिवस मी सकाळी डोळे चोळत बाहेर येते आणि समोर कोणीतरी असतं. बाकी वर्ष त्या दिवसांच्या आशेवर जातं. लाज वाटते सांगायला, पण आहे ते असं आहे.

आमच्यातलं एक माणूस कमी झालं आहे. कोणतं माणूस? माझ्या मनात पहिलं नाव आलं ते माझंच.

२

आम्ही चौघं म्हणजे मी, मास्तर, बेबी आणि कंडक्टर. नोकरीच्या पहिल्या दिवसांत एकाच घरमालकिणीकडे भाड्याने राहायचो आणि एकाच स्वयंपाकघरात भांडायचो. ती घरमालकीण गेली, ते घर गेलं, भांडणं तेवढी टिकली.

मास्तर गणित शिकवतो. पोटात काही राहत नाही त्याच्या, ना राग, ना गुपित. बेबी दातांची डॉक्टर आहे. आता तिला सून आली, पण आमच्यात वयाने लहान म्हणून ती अजून बेबीच. कंडक्टर ग्रंथपाल होता, गेल्याच वर्षी निवृत्त झाला. दर खेपेला तिकिटं तो काढतो म्हणून कंडक्टर. लग्न केलं नाही त्याने. मला फौजदार म्हणतात. मी विमा कंपन्यांसाठी जळालेली गोदामं बघते आणि आग आपोआप लागली की कोणी लावली, ते सांगते. या कामात माणूस संशयी होतो. मी आधीपासूनच होते, असं बेबी म्हणते.

आमचा एकच कायदा आहे. जायचं तर चौघांनी, नाहीतर कोणीच नाही. एका वर्षी बेबीच्या मुलाची परीक्षा होती म्हणून आम्ही तिघंच गेलो आणि तोंडं पाडून परत आलो. तेव्हापासून एक जरी गळला तरी सहल रद्द. म्हणजे ज्याने कोणी खोली सोडली होती त्याने ती गुपचूप सोडली होती, हे उघड होतं. आमच्यापुढे बोलला असता तर तिथल्या तिथे सगळंच बारगळलं असतं.

रविवारी आम्ही माझ्याच घरी बसलो होतो. बेत नेहमी माझ्याकडेच ठरतो. मध्ये येऊन "चहा हवाय का" विचारणारं कोणी नाही, म्हणून. त्या दुपारी माझ्या बैठकीच्या खोलीत चार माणसांचा गोंधळ होता. मास्तर जमिनीवर नकाशा पसरून त्याच्यावर आडवा पडला होता. बेबीला नदीवरच्या बोटीत रात्रीचं गाणं ऐकायचं होतं. मास्तरला घड्याळाच्या मनोऱ्यावर चढायचं होतं. मला बाजारात फिरायचं होतं आणि विकत काही घ्यायचं नव्हतं.

"फौजदारला घेऊन बाजारात जायचं म्हणजे प्रत्येक दुकानदाराची उलटतपासणी!" मास्तर ओरडला. "यंदा हिला खोलीत कोंडून जाऊ या आपण."

सगळे हसले, मीही हसले. आता मात्र मला ते वाक्यच आठवत राहिलं.

मास्तरचा फोन त्या दुपारी या हातातून त्या हातात फिरत होता, कारण खोल्यांचे फोटो त्याच्यातच होते. बेबी उजेडात बघते म्हणून फोन घेऊन गॅलरीत गेली आणि दार लोटून घेतलं. मास्तर माझ्यामागे स्वयंपाकघरात सँडविचवरून वाद घालायला आला तेव्हा फोन कंडक्टरच्या हातात होता. मेसेज करून पुसून टाकायला असा कितीसा वेळ लागतो?

कंडक्टर त्या दिवशी कोपऱ्यात बसून होता. पोट बिघडलंय म्हणाला, सँडविचला हात लावला नाही. आल्याआल्या त्याने माझा थर्मास परत केला, मास्तरचा पान्हा परत केला, बेबीची छत्री परत केली. घर आवरायला काढलंय म्हणे. मग तिकिटं दाखवली. आमची तिघांची एका डब्यात शेजारी शेजारी, त्याचं एकट्याचं पार शेवटच्या डब्यात.

"एवढी वर्षं तिकिटं काढतोस आणि चार जागा जवळ मिळाल्या नाहीत?" मी विचारलं होतं.

"नाही मिळाल्या, बाई. मी वाचत बसेन तिकडे, तुमच्या कलकलाटापासून लांब."

मला ते पटलं होतं. त्याच्यावर मी कधी संशय घेतच नाही, हीच तर चूक झाली.

३

मी पहिल्यांदा मास्तरला गाठलं, कारण मेसेज त्याच्या फोनवरून गेला होता. त्याची शिकवणी सुटली होती, फळ्यावर अर्धवट पुसलेली गणितं होती, आणि मास्तर बाकांखालचे कागदाचे बोळे गोळा करत शिव्या देत होता.

"चौथी खोली का सोडलीस?" मी दारातूनच विचारलं.

"कोणती चौथी खोली?"

मी सगळं सांगितलं. मास्तरचं तोंड उघडंच राहिलं. मग तो लाल झाला. फोन काढून त्याने बाईंबरोबरचे मेसेज माझ्या नाकासमोर धरले. तो मेसेज तिथे नव्हता.

"म्हणजे माझ्या फोनवरून कोणीतरी हा चावटपणा केला आणि पुसून टाकला!" त्याने बोळे टोपलीत आपटले. "आणि तू सरळ माझ्यावर आलीस? शाबास!"

"मला खोलीत कोंडायचं तूच म्हणाला होतास."

"ते मी दर वर्षी म्हणतो!"

"म्हणूनच विचारतेय."

तो बाकावर बसला. मोठं माणूस मुलांच्या बाकावर बसलं की केविलवाणं दिसतं.

"अगं, तू नसलीस तर मी भांडू कोणाशी?" तो म्हणाला. "घरी मुलगा आणि सून माझ्याशी इतकं समजुतीने बोलतात की जीव नकोसा होतो. तू निदान मला मूर्ख म्हणतेस."

"मूर्खच आहेस."

"हे बघ, असं." त्याने नाक पुसलं. "बेबीला विचार. ती फोन घेऊन गॅलरीत गेली होती, आणि परत आली तेव्हा तिचे गाल लाल झाले होते. मी बघितलंय."

ते मीही बघितलं होतं. मला वाटलं होतं ऊन लागलं असेल.

४

बेबीच्या दवाखान्यात मी पेशंटच्या खुर्चीत बसले, कारण दुसरी जागा नव्हती. तिने सवयीने डोक्यावरचा दिवा लावला.

"तोंड उघड," ती म्हणाली.

"तूच उघड. रविवारी गॅलरीत मास्तरच्या फोनवर काय करत होतीस?"

बेबीच्या हातातला छोटा आरसा ट्रेमध्ये पडला. मला वाटलं, सापडली. तिने दार लावून घेतलं, मास्क काढला आणि साठीकडे झुकलेली ही बाई शाळकरी पोरीसारखी लाजली.

"कोणाला सांगणार नाहीस ना?"

"आधी ऐकू दे."

तर प्रकरण असं होतं. बेबीच्या कॉलेजातला एक जण त्या शहरात राहतो. बेबीच्या नवऱ्यासारखी त्याची बायकोही काही वर्षांपूर्वी गेली. दोघांचं अधूनमधून बोलणं होतं. शनिवारी संध्याकाळी ते दोघं कॉफी प्यायला भेटणार होते. गॅलरीत ती गेस्ट हाउसपासून त्याचं घर किती लांब आहे ते बघत होती. स्वतःच्या फोनवर बघायची सोय नव्हती, कारण त्याच्यात सून डोकावते.

"नुसती कॉफी गं," बेबी म्हणाली. "तू असं बघू नकोस."

"मग त्याच्याकडेच राहायचं ठरलंय का? म्हणून खोली सोडलीस?"

"शी! काहीतरीच काय!" ती खरोखर चिडली. "खोली सोडली? कोणाची खोली?"

मी तिलाही सांगितलं. ती स्टुलावर बसली. तिथूनच तिने विचारलं, "मग सहल होणार की नाही?"

माझ्याही मनात तेच होतं, फक्त मला ते तोंडाने बोलायचं नव्हतं.

"फौजदार, तू हे शोधू नकोस ना," बेबी म्हणाली. "शोधलंस तर कोणीतरी गळणार, आणि आपला कायदा आहे. जाऊ या की गुपचूप. एक खोली कमी तर कमी. मी आणि तू एकीत झोपू."

"तू घोरतेस."

"घोरू दे की गं!"

मी घरी आले. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मी गप्प बसले तर शुक्रवारी दुपारी गाडीत असणार होते. शोधत राहिले तर कदाचित शुक्रवारी दुपारी याच खुर्चीत.

पण गप्प बसायचं मला कधी जमलेलं नाही.

५

मी गेस्ट हाउसच्या बाईंना परत फोन केला. आमच्यापैकी आणखी कोणी बोललं का त्यांच्याशी?

"बोललं म्हणजे काय!" बाई हसल्या. "ते सर रोज फोन करतात. घड्याळाचा मनोरा दिसतो तीच खोली मला हवी म्हणतात. आणि एक बाई सोमवारी बोलल्या. खोलीत इस्त्री मिळेल का, साडीला लागेल म्हणाल्या."

मी आभार मानले आणि नीट विचार करायला बसले.

कोणाला तरी नेऊ नये म्हणून खोली सोडली, हे आता मला मूर्खपणाचं वाटायला लागलं. खोली नसली म्हणून कोणी यायचं थांबतं का? आम्ही चौघं तिथे पोचलो असतो, तीनच किल्ल्या मिळाल्या असत्या, मी आकाशपाताळ एक केलं असतं, आणि शेवटी दोघी एका खोलीत झोपलो असतो. एवढा खटाटोप करून हाती काय लागलं असतं? ज्याने खोली सोडली त्याला पक्कं ठाऊक होतं की तिथे तिघंच पोचणार. आणि असं ठाऊक कोणाला असणार? जो जाणारच नाही, त्याला. त्याने दुसऱ्याची नाही, स्वतःची खोली सोडली होती.

मास्तर स्वतःच्या खोलीच्या खिडकीसाठी रोज फोन करत होता. बेबीला साडीला इस्त्री हवी होती. मी तर भांडायलाच बसले होते.

मग बाकीचं आपोआप समोर आलं. एवढ्या वर्षांत कंडक्टरने कधी आमच्या जागा फोडल्या नव्हत्या. एक जागा शेवटच्या डब्यात असली की ती रिकामी आहे हे गाडी सुटल्यावरही कोणाला कळणार नव्हतं. कळेपर्यंत गाडी लांब गेलेली असणार, मग कायदा कसला आणि रद्द कसलं! आम्ही तिघं पोचलोच असतो. रविवारी तो कशावरूनही भांडला नव्हता. दर शहरात जुनं ग्रंथालय बघायचा त्याचा हट्ट असतो, त्याने या वेळी नावसुद्धा काढलं नाही.

आणि तो मेसेज. चौथी अडकवून ठेवू नये, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. लबाडी करतानासुद्धा खोली मोकळी करून ठेवणारा माणूस आमच्यात एकच होता. जन्मभर त्याने लोकांना हेच सांगितलं, वाचणार नसाल तर पुस्तक घरी ठेवू नका, दुसरा कोणीतरी वाट बघतोय. खोली तशीच राहू दिली असती तर मला कधीच पत्ता लागला नसता. पण ते त्याच्याच्याने झालं नाही.

कोण ते कळलं. का, ते कळत नव्हतं. त्याने आमचे थर्मास नि छत्र्या का परत केल्या, हे आठवलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

६

कंडक्टरचं घर मी इतकं रिकामं कधी बघितलं नव्हतं. पुस्तकं कपाटात गेली होती. जमिनीवरचे ढीग गायब होते.

"चहा टाकतो," तो म्हणाला आणि आत गेला. मी सरळ त्याच्या झोपायच्या खोलीत गेले. दुसऱ्याच्या खोलीत शिरणं वाईट, हे मला कळतं, पण माझं पोट त्याच्यावरच भरतं.

पलंगावर बॅग उघडी होती. सहलीची बॅग म्हणावी तर तिच्यात बाहेर जायचा एक कपडा नव्हता. दोन सैल सदरे, लुंगी, टॉवेल, रबरी चपला. एक मग, एक चमचा. चालायचे बूट दारामागे पॉलिश करून ठेवले होते आणि त्यांच्यात कागद कोंबले होते, बरेच दिवस लागणार नसल्यासारखे. आम्ही दिवसभर पाय मोडेस्तोवर चालणार, आणि हा रबरी चपला नेणार? स्वतःचा चमचा आणि मग घेऊन माणूस कुठे जातो?

मी चमचा उचलून परत बॅगेत ठेवला.

"कोणत्या हॉस्पिटलमध्ये?" मी मोठ्याने विचारलं.

स्वयंपाकघरातलं भांडं वाजायचं थांबलं. तो दारात येऊन उभा राहिला, हातात गाळणी तशीच.

"तुझी फौजदारी जरा आवर गं," तो म्हणाला. पण त्यात जोर नव्हता.

मग त्याने सांगितलं. आतड्यात गाठ आहे. शनिवारी सकाळी ऑपरेशन, शुक्रवारी संध्याकाळी दाखल व्हायचं. तारीख आपल्या हातात नव्हती. नंतर ती गाठ तपासायला पाठवणार, मग कळेल काय ते.

"सोबत कोण आहे?"

"एक माणूस ठरवलाय. हॉस्पिटलनेच नाव दिलं. चांगला आहे म्हणतात."

"आणि आम्ही काय मेलो होतो?" मी ओरडले. "आम्हाला सांगायचं नाही? तिकिटांचे खेळ करायचे?"

"सांगितलं असतं तर सहल रद्द झाली असती."

"मग होऊ दे की रद्द!"

"कोणाची?" कंडक्टरने गाळणी टेबलावर ठेवली. "मास्तरला घर आहे, बेबीला घर आहे. त्यांना नातवंडं, सुना, कटकटी, सगळं आहे. सहल गेली तर ते चार दिवस कुरकुर करतील आणि विसरतील. तुला वर्षाला हे तीनच दिवस असतात. ते मी खायचे?"

मला वाटायचं, माझा एकटेपणा मी फार हुशारीने लपवलाय. मी किती मोठ्याने हसते, किती भांडते. याने सगळं बघितलं होतं आणि कधी तोंडातून काढलं नव्हतं. आणि मी, जळक्या लाकडावरून आग कुठून सुरू झाली ते सांगणारी बाई, हा माणूस वर्षानुवर्षं रात्री एकटा जेवतो हे मी कधी मनावरच घेतलं नव्हतं. त्याला पुस्तकं आहेत, त्याचं बरं चाललंय, असं मी धरून चालले होते.

चहा उतू गेल्याचा वास आला. दोघंही जागचे हललो नाही.

"त्या दोघांना सांगू नकोस," तो म्हणाला. "ऑपरेशन होईपर्यंत तरी नको. शब्द दे."

"दिला."

"आणि तू जा. मी सगळं त्यासाठीच केलंय. नाही गेलीस तर मला फार वाईट वाटेल."

"गॅस बंद कर आधी," मी म्हटलं.

७

शुक्रवारी दुपारी स्टेशनवर मास्तर आमच्याआधी येऊन बसला होता. गळ्यात दुर्बीण होती. बेबीने केसांना काहीतरी करून घेतलं होतं आणि कोणी त्याबद्दल बोललं की ती विषय बदलत होती. खोलीचा शोध लागला का, असं दोघांनी विचारलं. बाईंचा घोटाळा झाला होता, आता सगळं मिटलं, असं मी सांगितलं. त्यांनी लगेच विश्वास ठेवला. त्यांना तेच हवं होतं.

गाडी लागली, ते दोघं डब्यात जाऊन बसले, तेवढ्यात कंडक्टरचा मेसेज आला की तो त्याच्या डब्यात बसलाय. मास्तरने मोठ्याने वाचून दाखवला.

"बिचारा एकटाच बसलाय तिकडे," बेबी म्हणाली.

"मी जाते त्याच्याकडे," मी म्हटलं. "तुमच्या दोघांच्या बडबडीने माझं डोकं उठलंय. माझ्या जागेवर सामान ठेवा आणि पाय पसरून बसा."

"जा, जा! तेवढीच शांतता!" मास्तर म्हणाला, आणि मला खिडकीतून एक सँडविच दिलं. "हे त्याला दे. पोट बरं असेल तर खाऊ दे."

मी प्लॅटफॉर्मवरून शेवटच्या डब्याच्या दिशेने चालत गेले. डबा आला. मी चढले नाही. गाडी सुटली आणि माझ्यासमोरून एकेक खिडकी गेली. कोणाच्या मांडीवर मुलं होती, कोणी आत्ताच डबे उघडले होते. शहरात उतरल्यावर काय काय करायचं याचे बेत सगळीकडे चालले असणार. मला ते तीन दिवस हवे होते. हवे नव्हते असं मी म्हणणार नाही. मी तिथे उभी राहून चक्क रडले, आणि हमालाने मला विचारलं, "गाडी चुकली का, मावशी?"

"नाही," मी म्हटलं. "सोडली."

रिक्षात असताना बेबीचा फोन आला. "कुठे आहात गं तुम्ही दोघं? आम्ही येऊ का तिकडे?"

"नका येऊ. जागा नाही. मी त्याच्याकडेच आहे, तू काळजी करू नकोस."

यातलं शेवटचं वाक्य खरं व्हायला रिक्षाला दोनच सिग्नल उरले होते.

८

कंडक्टर दाखल व्हायच्या काउंटरपाशी बॅग मांडीवर घेऊन बसला होता. शेजारी तो ठरवलेला माणूस फोनवर क्रिकेट बघत होता. मला बघून कंडक्टरचा चेहरा असा झाला की मला क्षणभर वाटलं, हा मला हाकलणार.

"गाडी?" त्याने विचारलं.

"गेली. वेळेवर. सरक तिकडे."

तो सरकला, पण तोंड फिरवून. खरंच दुखावला होता. काउंटरवरच्या सिस्टरने विचारलं, "काकांच्या तुम्ही कोण?"

कोण म्हणून सांगायचं? त्या भाड्याच्या माणसाकडे सांगायला निदान एक शब्द होता.

"माझी मैत्रीण आहे," कंडक्टर म्हणाला. "भांडकुदळ आहे. ती जाणार नाही, तुम्ही पुढचं विचारा."

सिस्टर हसली. तो मात्र माझ्याकडे बघत नव्हता.

शनिवारी ऑपरेशन लांबलं. मी ऑपरेशनच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून होते. समोर कोणाचे चार चार नातेवाईक, डबे, थर्मास, मोठ्या आवाजातले फोन. कंडक्टरसाठी मी एकटी. मी नसते तर हा बाक रिकामाच राहिला असता, हे कळत होतं आणि त्याचा मला राग येत होता. कोणावर ते सांगता येणार नाही.

डॉक्टर बाहेर आले. गाठ काढली, म्हणाले. पुढचं तपासणी झाल्यावर. मी त्यांना इतके प्रश्न विचारले की ते मागे मागे सरकत दारापर्यंत गेले.

मग मी त्या दोघांना फोन केला. दिलेल्या शब्दाची मुदत संपली होती. रात्री तिथल्या स्टेशनवर आम्ही दोघं त्यांना का दिसलो नाही यासाठी मी फोनवर काय काय थापा मारल्या होत्या, त्या सगळ्या एकदम मागे घेतल्या. पलीकडे रस्त्यावरची गर्दी ऐकू येत होती, कोणीतरी बाजा वाजवत होतं. बेबी रडायला लागली. मास्तरने फोन घेतला आणि तो मला शिव्या द्यायला लागला. माझ्यापासून सुरू करून तो कंडक्टरवर गेला, मग स्वतःवर, मग त्याचा आवाज गेला.

"आम्ही परत येतो," तो शेवटी म्हणाला.

"उद्या या. आज बेबीला कॉफीला जाऊ दे. आणि तू मनोऱ्यावर चढ. याने तुमच्यासाठी एवढं रचलंय, ते पुरतं वाया घालवू नका."

"आणि तू?"

"मी इथे बसलेय."

संध्याकाळी मला आत सोडलं. कंडक्टर नळ्यांमध्ये पडला होता, तोंड सुकलं होतं. डोळे अर्धवट उघडून त्याने मला बघितलं आणि त्याला सगळं आठवलं असावं.

"तुझे तीन दिवस मी खाल्ले," तो पुटपुटला.

"गप पड. अजून शनिवारच आहे."

त्याला हसू आलं, पण टाके दुखले म्हणून त्याने ते सोडून दिलं. मी ओला कापूस त्याच्या ओठांना लावला. तपासणीत काय निघेल ते कोणालाच माहीत नव्हतं आणि मला भीती वाटत होती. सिस्टरने मला खुर्ची दिली. खुर्ची एका पायाने लंगडी होती, मी तिच्यावर तोल सांभाळत बसले. त्याला झोप लागली. खोलीत कोणी बोलत नव्हतं, टीव्ही नव्हता, आणि मला त्याची आठवणही आली नाही.

बऱ्याच वेळाने तो झोपेतच दचकला.

"कोण आहे?" त्याने विचारलं.

"मी आहे."

"बरं," तो म्हणाला आणि परत झोपला.